रिपोर्टमधली लाल ओळ आणि पत्रातली अर्धी ओळ

पत्र (थोडं कापून): "ताई, बाबा ६३ वर्षांचे आहेत. दीड महिन्यापूर्वी लिव्हरच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, एकच गाठ होती, ४ सेंटिमीटरची, सर्जन म्हणाले पूर्ण निघाली. त्यानंतर बाराव्या दिवशी एका ओळखीच्यांच्या आग्रहावरून आम्ही एका लॅबला रक्त पाठवून नॉन-कोडिंग आरएनए पॅनेल करून घेतलं. रिपोर्टमध्ये मिर-१२२ लो, मिर-२१ हाय, हल्क हाय, आणि खाली लाल अक्षरात 'हाय रिस्क, पूअर प्रोग्नोसिस', म्हणजे पुढे आजाराचं काही चांगलं दिसत नाही. आमचे डॉक्टर म्हणतात ते बाजूला ठेवा. पण मी रात्र रात्र जागून पेपर वाचले, सगळीकडे तेच लिहिलंय, हे हाय असलं की पेशंट कमी जगतो. डॉक्टर जुन्या वळणाचे आहेत का? टेस्ट दर महिन्याला रिपीट करू का? बाबांना सांगू का? त्यांना आधीच गोळ्यांचा वीट आलाय, हेपॅटायटिस बीची गोळीसुद्धा ऑपरेशनपासून बंदच आहे. रिपोर्टचा फोटो जोडलाय. – झोप उडालेली"

अगं, मी शेवटापासून सुरू करते. अख्खं पत्र आरएनएचं आणि शेवटी जाता जाता अर्धी ओळ, गोळी बंद आहे. तुला त्याच दिवशी मेल केलाच होता पण बाकीचेही वाचतात म्हणून इथे परत लिहिते. हेपॅटायटिस बीची गोळी, मग ती एन्टेकॅव्हिर असो की टेनोफोव्हिर, मनाने बंद करायची नसते, कारण ती व्हायरसला मारून संपवत नाही, दाबून ठेवते. हात काढला की तो परत उसळतो, आणि ज्या लिव्हरचा एक तुकडा नुकताच कापून काढलाय, उरलेलाही कदाचित सिरोसिसचा, म्हणजे व्रण पडून कडक झालेला, आहे, तिथे अशी उसळी आली तर लिव्हर फेल होण्यापर्यंत जाऊ शकतं. तेव्हा डॉक्टरांना फोन करून सरळ सांगायचं की दीड महिना गोळी बंद आहे. ते व्हायरल लोड म्हणजे रक्तात व्हायरस किती आहे ते, आणि बिलिरुबिन, एएलटी या लिव्हरच्या रक्ताच्या टेस्ट बघतील, किडनी बघून डोस ठरवतील आणि परत चालू करतील. ओरडतील थोडे, ओरडू देत. गोळी का बंद झाली हेही बघ जरा, बहुतेक वेळा कोणी बंद करत नाही, हॉस्पिटलमधून घरी येताना नवी यादी मिळते आणि जुनी गोळी त्या यादीत नसते, एवढंच झालेलं असतं.

हे झालं की मग आरएनए. त्यावर मला बोलायला आवडतं कारण माझी १४ वर्षं मॉलिक्युलर लॅबमध्ये पीसीआर, म्हणजे डीएनए-आरएनएच्या प्रती काढून मोजणाऱ्या मशीनसमोर गेलीत, त्यामुळे थोडं लांबेल.

पहिलं म्हणजे तू वाचलंस ते थोतांड नाहीये. आपल्या डीएनएमधला जेमतेम १ ते २ टक्के भाग प्रोटीन बनवायच्या कामी येतो, उरलेल्याला एके काळी लोक जंक म्हणायचे, आणि मग कळलं की त्यातूनही ढिगाने आरएनए बनतो, तो प्रोटीन बनवत नाही पण कुठलं जीन किती चालायचं यात ढवळाढवळ करतो. त्यातले मायक्रो-आरएनए (तुझ्या रिपोर्टमधलं 'मिर' ते हेच) म्हणजे २२ अक्षरांच्या आसपासचे चिमुकले तुकडे. पहिला सापडला १९९३ मध्ये, तोही एक मिलिमीटरच्या किड्यात, आणि त्यासाठी व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना नोबेल मिळालं २०२४ मध्ये, म्हणजे ३१ वर्षांनी. २०० अक्षरांपेक्षा लांब असलेले ते लाँग नॉन-कोडिंग, तुझ्या रिपोर्टमधला हल्क त्यातला, २००७ मध्ये सापडला आणि नावच मुळी 'लिव्हर कॅन्सरमध्ये खूप वाढलेला' या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून पडलंय.

आणि मिर-१२२ तर माझा लाडका. निरोगी लिव्हरच्या पेशीत जेवढे मायक्रो-आरएनए असतात त्यातले साधारण ७० टक्के हा एकटाच असतो, बाकी अवयवांत जवळपास नसतोच. म्हणजे पेशीला 'तू लिव्हर आहेस' हे सतत आठवण करून देणारा असं समज. गाठीत तो कमी झाला की त्या पेशी आपलं मूळ विसरायला लागल्या, आणि अशा गाठी जास्त आडदांड वागतात, पसरतात, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. मिर-२१ उलटा, तो पीटेन नावाच्या ब्रेकवर बसतो, ब्रेक लागत नाही, पेशी वाढत सुटते. तेव्हा जीवशास्त्र खरं आहे.

पण मी आत्ता काय म्हणाले ते परत बघ. गाठीत कमी झाला. गाठीत! तुम्ही पाठवलं काय, तर रक्त. आणि तेही गाठ काढून झाल्यावर. आता रक्तात मिर-१२२ येतो कुठून, तर लिव्हरच्या पेशी फुटल्या, दुखावल्या की तो बाहेर सांडतो, एएलटी सांडतं तसाच. म्हणजे रक्तातला मिर-१२२ वाढला तर लिव्हरला मार बसतोय असाही अर्थ निघतो, कमी झाला तर मार कमी झाला असाही. त्यामुळेच काही अभ्यासांत रक्तात तो जास्त असलेले लोक जास्त जगलेले दिसतात आणि काहींत बरोबर उलटं दिसतं. गाठीचा नियम उचलून रक्ताला लावला की असा घोळ होतो, आणि तुमच्या रिपोर्टने नेमकं तेच केलंय.

मग तो बारावा दिवस. कापलेलं लिव्हर त्या दिवसांत जोरात परत वाढत असतं, लिव्हरची ती खासियतच आहे, आणि उंदरांवरच्या प्रयोगांत स्पष्ट दिसलंय की लिव्हरचा तुकडा काढला की उरलेल्या लिव्हरमध्ये मिर-२१ वाढतो. वाढायचं काम चालू आहे म्हणून वाढतो. शिवाय मिर-२१ काही लिव्हरचा खास नव्हे, सूज, जखम, कितीतरी दुसरे कॅन्सर, कशातही हात वर करतो. बाराव्या दिवशी 'मिर-२१ हाय' म्हणजे घरात रंगकाम चालू असताना वास येतोय अशी तक्रार.

आता तू पाठवलेला फोटो. मी तो मोठा करून बघितला, लाल ओळीच्या खाली अगदी बारीक अक्षरात दोन गोष्टी आहेत. एक, 'नॉर्मलायझर: मिर-१६'. दोन, 'फॉर रिसर्च यूज ओन्ली'. दुसरीचा अर्थ तुला कळतोच, लॅबनेच लिहून दिलंय की यावरून पेशंटचं काही ठरवू नका, फक्त ते काळ्या बारीक अक्षरात आणि 'पूअर प्रोग्नोसिस' लाल मोठ्या अक्षरात. मला याची खरंच चीड येते. पहिलीचा अर्थ सांगते.

पीसीआरमध्ये आपण आरएनए मोजत नाही, मशीनला सिग्नल दिसायला किती सायकल लागल्या ते मोजतो. प्रत्येक सायकलला माल दुप्पट होतो, म्हणजे तीन सायकलचा फरक म्हणजे आठपट फरक. पण प्रत्येक ट्यूबमध्ये मुळात किती माल आला हे कमीजास्त असतं, म्हणून एक 'स्थिर' आरएनए धरून त्याच्याशी तुलना करायची, तो नॉर्मलायझर. इथे मिर-१६ धरलाय. आणि मिर-१६ तांबड्या पेशींमध्ये खच्चून भरलेला असतो. रक्त काढताना सुई बारीक होती, जोरात ओढलं, ट्यूब हलवली, वाटेत तास दोन तास तशीच राहिली, तांबड्या पेशी फुटल्या, की प्लाझ्मात, म्हणजे पेशी काढून उरलेल्या रक्ताच्या पाण्यात, मिर-१६ वाढतो. मग 'स्थिर' म्हणून धरलेली पट्टीच लांब झाली, आणि तिच्याशी मोजलेला मिर-१२२ आपोआप बुटका दिसणार. म्हणजे लो!

मी हे स्वतः बघितलंय. आमच्याकडे नवीन आलेल्या मुलीला शिकवायचं म्हणून माझ्याच हातातून दोन ट्यूब काढल्या, एक नीट, लगेच फिरवून प्लाझ्मा वेगळा केलेला, दुसरी मुद्दाम हेळसांड केलेली. पहिल्यातला प्लाझ्मा फिकट पिवळा, दुसऱ्यातला किंचित गुलाबी, इतका किंचित की मागे पांढरा कागद धरल्याशिवाय कळलाही नसता. मिर-४५१, तोही तांबड्या पेशींमधलाच, दोन ट्यूबमध्ये चार सायकलनी वेगळा आला. सोळापट. माणूस तोच, हात तोच, मिनिटंही तीच! तुमच्या बाबांच्या ट्यूबचा रंग रिपोर्टमध्ये कुठेच लिहिलेला नाही. रक्त गोठू नये म्हणून ट्यूबमध्ये ईडीटीए होतं की हेपरिन हेही नाही, आणि हेपरिन तर पीसीआरलाच अडवतं.

बरं समजा ट्यूब उत्तम होती. तरी 'हाय' म्हणजे कितीपेक्षा हाय? तू जे पेपर वाचलेस त्यातल्या बहुतेकांत काय करतात सांगते, समज १०० पेशंट घेतले, त्यांचे आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीत लावले, मधोमध रेघ मारली, वरचे ५० हाय, खालचे ५० लो. मग दोन्ही गटांच्या जगण्याच्या रेषा काढल्या, त्या एकमेकींपासून फाकल्या, पेपर तयार. ती रेघ त्या १०० माणसांची आहे. दुसऱ्या हॉस्पिटलमधल्या १०० जणांत ती दुसरीकडे पडते. तुझ्या बाबांना त्या रेघेच्या वर की खाली बसवायचं याला काही अर्थच नाही जोपर्यंत ती रेघ आधी ठरवून, मग नव्या पेशंटवर, वेगवेगळ्या लॅबमध्ये तपासली जात नाही. आणि दोन रेषा फाकल्या म्हणजे हाय गटातले सगळे गेले आणि लो गटातले सगळे राहिले असं तर कधीच नसतं, हाय गटातही वर्षानुवर्षं ठणठणीत असलेले असतात, फक्त रेषेत त्यांचं नाव दिसत नाही.

अजून एक आतली गोष्ट. लिव्हर कॅन्सरचा एक मोठा सार्वजनिक डेटा आहे, टीसीजीए नावाच्या कॅन्सरच्या जीन्सच्या प्रकल्पाचा, त्यात ३७० च्या आसपास गाठी आहेत. तेवढ्याच ३७० गाठी उलटसुलट करून 'पाच आरएनएची सिग्नेचर' (म्हणजे पुढचा अंदाज सांगणारा आरएनएंचा संच), 'सात आरएनएची सिग्नेचर', 'नऊ आरएनएची सिग्नेचर' असे किती पेपर आलेत याची गणती नाही, आणि मजा म्हणजे या सिग्नेचरमधली नावं एकमेकांशी फारशी जुळत नाहीत. एवढ्या हजारो आरएनएमधून निवडायचं म्हटल्यावर योगायोगानेही काहीतरी जुळतंच. यातले काही पेपर तर पैसे घेऊन पेपर बनवून देणाऱ्या कारखान्यांतून आलेले निघाले, मागे घ्यावे लागले. मार्करचे, म्हणजे आजाराचा अंदाज देणाऱ्या खुणांचे, अभ्यास कसे लिहावेत याचे रिमार्क नावाचे नियम २००५ पासून आहेत, पाळतो कोण.

चांगल्या कामाचीही गंमत बघ. २०११ मध्ये सात मायक्रो-आरएनएचं एक रक्ताचं पॅनेल आलं, मोठा अभ्यास होता, हेपॅटायटिस बीच्या लोकांत कॅन्सर आहे का हे ओळखायचा, पुढे काय होईल ते सांगायचा नव्हे. त्या सातमधला एक होता मिर-८०१. नंतर लक्षात आलं की तो मायक्रो-आरएनए नाहीच, यू-११ नावाच्या दुसऱ्याच आरएनएचा तुकडा आहे, आणि त्याला यादीतून काढून टाकलं. कामात कोणी लबाडी केली नव्हती, क्षेत्र तेवढं कच्चं होतं.

आता डॉक्टर जुन्या वळणाचे का? नाही गं. लिव्हरच्या डॉक्टरांच्या संघटनांपैकी युरोपच्या ईएएसएलची गाईडलाईन घे नाहीतर अमेरिकेच्या एएएसएलडीची, ऑपरेशननंतरचं काही ठरवायला नॉन-कोडिंग आरएनए कोणीच सांगत नाही. आणि ते कर्मठपणामुळे नाही. कुठल्याही मार्करला मी एकच प्रश्न विचारते, हाय आला तर उद्या सकाळी आपण वेगळं काय करणार? २००९ मध्ये मिर-२६ बद्दल एक नावाजलेला अभ्यास आला होता, गाठीत तो कमी असलेले लोक कमी जगले, पण त्यांनाच इंटरफेरॉन या औषधाचा फायदा जास्त दिसला. हा असा शोध मला आवडतो, कारण तो नुसती भीती घालत नाही, औषध निवडायला मदत करायचं बोलतो. तरी तेही पुढे रोजच्या वापरात आलं नाही, आज ऑपरेशननंतर इंटरफेरॉन रुटीनमध्ये देत नाहीत. तुझ्या रिपोर्टमधले तिन्ही आकडे उलटे आले असते, सगळं हिरवं, 'लो रिस्क', तरी बाबांचे स्कॅन तेवढेच झाले असते, गोळी तीच असती. मग उपयोग काय.

कधीतरी होईल का उपयोग? मला वाटतं होईल, एएफपीच्या, म्हणजे लिव्हर कॅन्सरसाठी रक्तात बघतात त्या प्रोटीनच्या, जोडीला एखादं पॅनेल येईल. पण त्यासाठी हेपॅटायटिस बी, सी, दारू, फॅटी लिव्हर अशा वेगवेगळ्या कारणांचे पेशंट हवेत, रेघ आधी ठरलेली हवी, आणि पॅथॉलॉजी रिपोर्टमधून जे आधीच कळतं त्यापेक्षा जास्त काही कळायला हवं.

पॅथॉलॉजी रिपोर्टवरून आठवलं, तो तू पाठवलाच नाहीस! आरएनएचा फोटो आला आणि ज्याच्यावर खरं काही ठरतं तो फाईलमध्येच राहिला. तो काढ आणि बघ, 'मायक्रोव्हॅस्क्युलर इन्व्हेजन' पुढे काय लिहिलंय, म्हणजे गाठीच्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत शिरलेल्या दिसल्या का. आजूबाजूला सॅटेलाईट नोड्यूल म्हणजे छोट्या उपगाठी होत्या का, मार्जिन म्हणजे कापलेली कड मोकळी आहे का, गाठीचा ग्रेड म्हणजे पेशी किती बिघडलेल्या दिसतात ते काय, आणि गाठ सोडून बाकीच्या लिव्हरमध्ये सिरोसिस आहे का. ही पाच उत्तरं एका कागदावर लिहून घेऊन पुढच्या व्हिजिटला जा आणि डॉक्टरांना विचार की यावरून तुम्हाला काय वाटतं. ऑपरेशनच्या आधीचा एएफपी किती होता तेही बघ. तो तेव्हा वाढलेला असेल तर आता उतरतोय का हे बघण्यात खूप अर्थ आहे, तो साधारण ५ ते ७ दिवसांत निम्मा होतो त्यामुळे नॉर्मलला यायला काही आठवडे लागतात, तिसऱ्या आठवड्यात घाबरू नका. आणि तेव्हा नॉर्मलच होता तर आता नॉर्मल आहे म्हणून खूश होण्यातही फार अर्थ नाही, ती गाठ एएफपी बनवणारी नव्हतीच.

खरं सांगायचं तर लाल ओळ नसती तरी हा आजार परत येणाऱ्यातला आहे. ऑपरेशननंतर पाच वर्षांत ७० टक्क्यांपर्यंत लोकांत लिव्हरमध्ये परत काहीतरी दिसतं. हे लपवून मी तुझा फायदा करणार नाही. पण त्यात दोन प्रकार आहेत. पहिल्या दोन वर्षांत येतं ते बहुतेकदा जुन्याच गाठीच्या सुटलेल्या पेशींमधून, म्हणून तर सुरुवातीला दर तीन-चार महिन्यांनी सीटी किंवा एमआरआय करतात, लहान असताना सापडलं तर परत कापणं, जाळणं, असे पर्याय हातात राहतात. नंतर उशिरा येतं ते बऱ्याचदा अगदी नवीन, कारण जमीनच तशी झालेली असते, व्हायरसने वर्षानुवर्षं कोरलेली. आणि हेपॅटायटिस बीच्या गोळीने ऑपरेशननंतर कॅन्सर परत यायचं प्रमाण कमी होतं हे चांगलं सिद्ध झालंय. म्हणजे तू तीन आकड्यांपायी रात्री जागवल्यास आणि ज्या एका गोष्टीने बाबांचं प्रोग्नोसिस खरंच हलतं ती गोळी ड्रॉवरमध्ये पडून होती. तुला बोल लावत नाहीये, माझ्या घरात असतं तर मीही आधी लाल अक्षरंच वाचली असती.

टेस्ट रिपीट? नको. महिन्याला एकदा गुलाबी-पिवळ्या ट्यूबचा जुगार खेळायचा आणि दर वेळी आठवडाभर घर सुतकात, कशाला? ते पैसे आणि ती धावपळ स्कॅनच्या तारखा न चुकवण्यात घाल.

बाबांना सांगायचं का, तर मला आधी एक सांग, रक्त त्यांच्याच हातातून काढलं ना? मग त्यांना माहितीये की कुठलीतरी टेस्ट गेलीय आणि महिनाभर त्याबद्दल घरात कोणी चकार शब्द काढत नाहीये. त्या गप्प बसण्याचा अर्थ त्यांनी कधीच लावला असेल, आणि तो रिपोर्टपेक्षा वाईट असेल. 'आम्ही घाईत एक टेस्ट केली, तिच्यावरून काही ठरत नाही असं डॉक्टर म्हणाले आणि आम्हालाही पटलं', एवढं सांग, यात खोटं काही नाही. त्यांनी पुढे विचारलं तर कागद दाखव. नाही विचारलं तर मागे लागू नकोस. गोळ्यांचा वीट आलाय ना, मग सगळ्या गोळ्यांची यादी घेऊन डॉक्टरांकडे बस आणि यातल्या कुठल्या बंद करता येतील ते विचार, दोन-तीन सहज निघतात. बी ची ठेवायची म्हटल्यावर बाकीच्या कमी झालेल्या बऱ्या.

आणि तू. तू आणि तुझी भावंडं, आई, कोणी एचबीएसएजी, म्हणजे हेपॅटायटिस बी आहे का हे सांगणारी टेस्ट केलीय का? पत्रात एक शब्द नाही. हेपॅटायटिस बी रक्तातून, शरीरसंबंधातून, जन्माच्या वेळी आईकडून बाळाला जातो, आणि लहानपणी झालेला असेल तर वर्षानुवर्षं काहीही त्रास न देता बसून राहतो. एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने होत नाही, त्यामुळे बाबांपासून लांब वगैरे बसू नका. एचबीएसएजी, अँटी-एचबीएस (संरक्षण देणारी अँटीबॉडी) आणि अँटी-एचबीसी (आधी कधी व्हायरस येऊन गेला का), तीन टेस्ट, कुठल्याही साध्या लॅबमध्ये होतात, रेघ जगभर ठरलेली आहे. निगेटिव्ह आलीस आणि अँटीबॉडी नसतील तर लस घे. बाबांच्या गोळीसाठी फोन करशील तेव्हाच हेही विचारून टाक, आणि तुझा रिपोर्ट आला की मला कळव.